आपलेच हात बांधून घ्या: शहराच्या उद्यानाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

सन्माननीय लोकप्रतिनिधी आणि अधिकारी महोदय,

सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या सहीने शहराचं सार्वजनिक उद्यान राहतं किंवा जातं, त्या तुम्हा सर्वांना हे पत्र लिहितो आहे. शहर कुठलंही असो, उद्यानाचा एखादा कोपरा मागणारा प्रस्ताव तुमच्यापुढे आज तरी आहे किंवा उद्या येणार आहे. तो आला म्हणजे काय करावं, हे मला सांगायचं आहेच. पण तो येण्याच्या आधी काय करून ठेवावं, हे त्याहून जास्त आग्रहाने सांगायचं आहे.

असा प्रस्ताव दिसायला कधीच वाईट नसतो. उद्यान मोडून टाकू, असं कुणी लिहून आणत नाही. मागणी असते ग्रंथालयाची, वाहनतळाची, पाण्याच्या टाकीची, स्मारकाची, सभागृहाची, रस्ता रुंद करण्यासाठी काठावरच्या एका पट्ट्याची. तिच्यामागे बहुतेक वेळा खरी गरज असते आणि मागणारेही प्रामाणिक असतात. मागितलेली जागा एकूण उद्यानाच्या मानाने किरकोळ असते. मग सभेत विरोध करणारा सदस्य विकासाच्या आड येणारा ठरतो, ठराव मंजूर होतो आणि काही वर्षांनी पुढच्या तुकड्याची पाळी येते. उद्यान संपवण्याचा निर्णय कुठल्याही एका सभेत झालेला नसतो. तरीही दोन पिढ्यांनंतर तिथे इमारतींच्या मधोमध उरलेली थोडी हिरवळ असते आणि फाटकावर पाटी मात्र जुन्याच नावाची असते.

हे सगळीकडे का घडतं, याचं सर्वांत नेमकं उत्तर मला एका न्यायालयाच्या निकालात सापडलं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ओव्हर्टन पार्क नावाचं ३४२ एकरांचं उद्यान आहे. त्याच्या मधून सहा पदरी महामार्ग न्यायचा बेत होता आणि त्यात २६ एकर जाणार होते. तिथल्या नागरिकांनी दाद मागितली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं त्याचा आशय असा: उद्यानाची जमीन आधीच सार्वजनिक मालकीची असते, त्यामुळे ती घ्यायला पैसे मोजावे लागत नाहीत. उद्यानात कुणी राहत नाही, कुणाचा धंदा नसतो, त्यामुळे कुणाला उठवावं लागत नाही. म्हणजे नुसता खर्च आणि गैरसोय तोलायची म्हटली, तर उद्यानातून जाणारा रस्ताच दर वेळी स्वस्त आणि सोयीचा ठरेल. दुसरा व्यवहार्य आणि शहाणपणाचा मार्ग उपलब्ध असेल तर उद्यानाला हात लावायचा नाही, असं तिथल्या संसदेने कायद्यात लिहिलं होतं ते यासाठीच. तो महामार्ग अखेर उद्यानातून गेलाच नाही. शहराला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावरून तो नेण्यात आला.

हा मुद्दा आपण नीट लक्षात घ्यावा, अशी विनंती आहे. सल्लागार जागांची तुलना करणारा तक्ता सादर करतात, तेव्हा भूसंपादनाच्या रकान्यात उद्यानापुढे शून्य असतं, पुनर्वसनाच्या रकान्यात शून्य असतं आणि न्यायालयीन अडथळ्यांच्या रकान्यातही बहुधा शून्यच. त्या तक्त्यात उद्यान हरणार हे तक्ता आखला तेव्हाच ठरलेलं असतं. तक्ता करणाऱ्याची लबाडी त्याला लागत नाही. मुळात रिकामी जागा फुकट असते हे गृहीतच चुकीचं आहे. त्या जमिनीची किंमत कुणीतरी, केव्हातरी मोजलेली असते.

कधी ती किंमत फार कडवट असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं जगभर कौतुक होतं, पण त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. मुख्यतः कृष्णवर्णीयांची, स्वतःची घरं आणि चर्च असलेली. उद्यानासाठी ती सक्तीने घेण्यात आली आणि १८५७ पर्यंत सगळे लोक निघून गेले. हा इतिहास उद्यानप्रेमींनी झाकून ठेवू नये. लोकांना उठवून, 'सगळ्यांसाठी' असं सांगून घेतलेली जमीन नंतर काही थोड्यांच्या हाती देणं म्हणजे उठवलेल्यांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. आपल्या ताब्यातल्या उद्यानाची जमीन मूळ कुणाची होती, कुणी दान दिली, कुणाकडून कशासाठी घेतली, हे कागद आपण कधी काढून पाहिलेत का?

आता चांगल्या कामाबद्दल. मी मुद्दाम सर्वांत अवघड उदाहरण घेतो. १८३६ साली शिकागोच्या सरोवरकाठच्या भूखंडांचा नकाशा तयार करताना कालव्याच्या आयुक्तांनी किनाऱ्यालगतच्या एका पट्ट्यावर लिहून ठेवलं की ही सार्वजनिक जागा कायम मोकळी राहील, तिच्यावर कुठलीही इमारत किंवा अडथळा होणार नाही. पुढे शहर वाढलं आणि त्या जागेवर प्रत्येकाचा डोळा गेला. माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८९० पासून जवळजवळ वीस वर्षं त्या एका ओळीच्या जोरावर खटले लढवले. त्याच्या कंपनीची इमारत त्या जागेसमोरच होती, तेव्हा त्यात त्याचा स्वार्थ अजिबात नव्हता असं म्हणता येणार नाही. पण त्याने अडवलेल्या गोष्टींत फील्ड म्युझियमसारखं मोठं संग्रहालयही होतं, आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी त्याच्यावर नाराज झाली होती. ज्ञानाच्या मंदिराला विरोध करणारा माणूस कुणाला आवडेल? न्यायालयाने मात्र त्याच्या बाजूने निकाल दिला. मग झालं काय? संग्रहालय बुडालं नाही. दक्षिणेकडे भराव टाकून तयार केलेल्या जागेत ते उभं राहिलं आणि १९२१ साली लोकांसाठी खुलं झालं. शिकागोकडे आज संग्रहालयही आहे आणि ती मोकळी जागा, म्हणजे ग्रँट पार्कही.

चांगल्या कामाला दुसरी जागा मिळते, फक्त शोधावी लागते. उद्यान हाताशी असेल तर ती कुणी शोधतच नाही. म्हणून रुग्णालय, शाळा, ग्रंथालय यांना माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. ती हवीतच, आणि गरीब वस्त्यांना तर आधी हवीत. पण त्यांची गरज उद्यानाची जमीन घेण्याचं कारण होऊ शकत नाही. बंगळुरूत एका वसाहतीच्या आराखड्यात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषालयाला देण्यात आली, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हेच सांगितलं. मोकळी जागा ही लोकांच्या आरोग्यासाठीच राखलेली असते आणि उद्यानाची जागा शुश्रूषालय भरून काढू शकत नाही, असं म्हणून न्यायालयाने ते वाटप रद्द केलं.

आणखी एक युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो: 'आम्ही वर काहीच करणार नाही, सगळं जमिनीखाली आहे. काम झालं की वर पुन्हा हिरवळ.' याला आपण भुलू नये. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात, खोलवर नव्हे. ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. खोदकामात ती तुटतात, आणि जिथे तुटत नाहीत तिथे यंत्रांच्या ये-जा करण्याने माती दबते आणि ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. दोन-चार पावसाळे ते उभं राहतं, मग शेंडे वाळू लागतात, आणि तोवर ठेकेदाराचं देयक चुकतं झालेलं असतं, अधिकारी बदललेला असतो. झाड 'रोगामुळे' गेलं, अशी नोंद होते. नंतर काँक्रीटच्या छतावर जी माती पसरतात तिच्यात गवत आणि झुडपं येतात. तिथे शंभर वर्षं जगणारा वृक्ष कसा वाढेल? पावसाचं पाणीही तिथे मुरत नाही, छतावरून निचऱ्याच्या नळात जातं.

लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कच्या पोटात महापालिकेने एका बांधकाम कंपनीला भूमिगत बाजार बांधायला दिला होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो करार बेकायदा ठरवला. महापालिका ही उद्यानाची विश्वस्त आहे, असं सांगत न्यायालयाने बांधलेला बाजार पाडून उद्यान पूर्ववत करायला सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये तर पाणी शुद्धीकरणासारखं निखळ सार्वजनिक काम व्हॅन कॉर्टलँड पार्कच्या खाली करायचं होतं आणि वरचा भाग नंतर पूर्ववत होणार होता. तरीही २००१ साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की, उद्यानाचा असा वापर करायचा तर राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी घेतलीच पाहिजे. शहराचं प्रशासन एकट्याने ते ठरवू शकत नाही.

झाडांच्या बदल्यात झाडं लावण्याबद्दलही थोडं सांगतो. एक जुना वृक्ष तोडून दुसरीकडे दहा रोपं लावली की हिशेब पुरा झाला, असं अहवाल म्हणतो. पण त्या वृक्षाच्या सावलीत बसणाऱ्या माणसाला गावाबाहेरच्या रोपाचा काय उपयोग? आणि ती रोपं जगली तरी तेवढी सावली पडायला निम्मं आयुष्य जावं लागतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली घेण्यात आला. त्यात दिसलं की उद्यानातली दिवसाची हवा आसपासच्या बांधलेल्या भागापेक्षा सरासरी सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड असते. एक अंश थोडा वाटेल. उन्हाच्या लाटेत घरात पत्र्याखाली राहणाऱ्या वृद्धाला तो थोडा नसतो.

उद्यानाची गरज सर्वांत जास्त कुणाला असते, तेही पाहा. ज्यांना गच्ची आहे, अंगण आहे, सुट्टीत बाहेर जायची ऐपत आहे, त्यांचं उद्यानावाचून फारसं अडत नाही. एका खोलीत सहा जण राहतात त्या घरातल्या मुलीला अभ्यासाला शांत जागा हवी असते. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास पाठ टेकायला कामगाराला झाडाखालची जमीन हवी असते. तोल सांभाळत सायकल शिकायला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन चालायला, कुणाला न सांगता थोडं रडायलासुद्धा माणसाला जागा लागते, आणि तिथे काही विकत घ्यावं लागत नाही हेच उद्यानाचं वैशिष्ट्य. ही माणसं निवेदन घेऊन आपल्या दालनात येत नाहीत. वाहनतळ मागणारे येतात.

आणि अजून न जन्मलेली मुलं तर येऊच शकत नाहीत. म्हणूनच कायद्याचं एक तत्त्व मला इथे लागू करावंसं वाटतं. अज्ञान मुलाच्या नावावर जमीन असेल, तर पालकाला ती सांभाळता येते, तिच्यात सुधारणा करता येते, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ती परवानगीही खरी गरज किंवा त्या मुलाचा उघड फायदा दिसला तरच मिळते. पालक वाईट असतात म्हणून हा नियम नाही. चांगल्या पालकालाही अडचण येते, मोह होतो, आणि मूल बोलू शकत नाही, म्हणून आहे. शहराच्या उद्यानाचे आपण असे पालक आहात. लखनौच्या निकालात 'विश्वस्त' म्हटलं आहे ते याच अर्थाने.

तेव्हा माझी मागणी एकच आहे. आपण आपलेच हात बांधून घ्या. उद्यानाची जागा सहज देता येणार नाही, अशी व्यवस्था आपल्याच कारकिर्दीत करा.

हे नवं नाही. बॉस्टनच्या रहिवाशांनी १६३४ साली सामायिक जागा राखली आणि सहाच वर्षांत, १६४० साली ठराव केला की यातून घरासाठी किंवा बागेसाठी कुणालाही जमीन द्यायची नाही. पुढे १८२२ च्या सनदेत नगर परिषदेला ती जागा विकायला किंवा भाड्याने द्यायला मनाई करण्यात आली. इंग्लंडमध्ये एपिंगचं जंगल कुंपणांखाली गिळलं जात होतं. तिथे १८७८ च्या कायद्याने लंडनच्या नगर महामंडळावर ते कायम विनाकुंपण आणि विनाबांधकाम ठेवण्याची जबाबदारी टाकली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी १९७२ साली राज्यघटनेतच तरतूद करून घेतली की अशा जागेचा वापर बदलायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागेल. बर्लिनमध्ये जुन्या टेम्पलहोफ विमानतळाचं मैदान लोकांना खुलं झाल्यावर त्याच्या कडांना घरं बांधायची योजना आली, तेव्हा २०१४ साली लोकांनी सार्वमतातून ती थांबवली. घरांची टंचाई असलेल्या शहराने दिलेला तो कौल होता.

आपल्याला करायचं ते यातून घेता येईल. साध्या बहुमताने उद्यानाचा इंचही जाऊ नये. दोन-तृतीयांश मतं लागावीत आणि तोच ठराव मधे एक निवडणूक होऊन गेल्यावर नव्या सभागृहानेही मंजूर करावा. म्हणजे आजची घाई आणि आजचा दबाव या दोन्हींना उसंत मिळते आणि मतदारांना मधे बोलता येतं. जमीन द्यायचीच ठरली, तर तेवढीच, त्याच वस्तीला चालत जाता येईल अशी जमीन आधी विकत घेऊन, झाडं लावून, लोकांना खुली करून द्यावी, आणि मगच जुनीला हात लावावा. 'नंतर देऊ' चालणार नाही. जमिनीखालचं बांधकाम आणि 'तात्पुरता' वापर या दोन्हींना हेच नियम असावेत. प्रकल्पाचं साहित्य ठेवायला घेतलेली जागा मी खास करून म्हणतो आहे, कारण पत्र्याचं कुंपण एकदा लागलं की ते काढायची तारीख कुणालाच आठवत नाही. परत करण्याचा दिवस करारातच लिहिलेला असावा आणि न पाळल्यास जबर अनामत जप्त व्हावी.

यासाठी आधी उद्यानाची हद्द माहीत हवी. मोजणी करून घ्या, दगड रोवा, नकाशा फाटकाशी लावा. आत कोणतं बांधकाम कुणाच्या परवानगीने आहे आणि त्याची मुदत कधी संपते, तेही तिथेच लिहा. पुष्कळ उद्यानं केवळ कागद नीट नसल्यामुळे गेली आहेत.

हे बंधन लोकशाहीविरोधी नाही का, असं आपल्यापैकी कुणीतरी विचारेल. आजच्या सभागृहाने उद्याच्या सभागृहाचे हात का बांधावेत? प्रश्न रास्त आहे. पण कायदा बदलता येतो. उद्याच्या लोकांना खरोखरच वेगळं हवं असेल, तर दोन-तृतीयांश मतांनी आणि एका निवडणुकीच्या वाटेने ते तसं करू शकतील. बांधलेला पूल, उभी राहिलेली इमारत, तोडलेला वृक्ष मात्र कुठल्याही बहुमताने परत आणता येत नाही. उद्याच्या सभागृहाचे हात खऱ्या अर्थाने काँक्रीट बांधतं. उद्यान मोकळं ठेवलं, तर त्यांच्यापुढे सगळे पर्याय उरतात.

एक धोका या कायद्यानेही टळत नाही, तो म्हणजे हयगय. दिवे बंद, पाण्याचा नळ कोरडा, बाकडी मोडलेली, स्वच्छतागृहाला कुलूप. मग लोक येईनासे होतात, विशेषतः बायका आणि मुलं. मग म्हणायचं की ही जागा ओसाड पडली आहे, इथे गैरप्रकार चालतात, हिचा काहीतरी उपयोग करू. सेंट्रल पार्कसुद्धा १९७० च्या दशकात अशाच अवस्थेला पोहोचलं होतं. १९८० साली नागरिकांनी त्यासाठी संस्था काढली, निधी उभारला आणि शहराच्या बरोबरीने ते सावरलं. पण उद्यानाचा सांभाळ देणगीदारांवर सोडला की श्रीमंत वस्तीचं उद्यान फुलतं आणि गरीब वस्तीचं सुकतं. म्हणून देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली असावी आणि ती दुसरीकडे वळवता येऊ नये. माळ्यांची रिकामी पदं भरावीत. नवं कारंजं आणि रंगीत दिवे बसवण्यापेक्षा, माती ओळखणारा एक कायम माळी उद्यानाला जास्त वर्षं जगवतो. उद्घाटनाची पाटी मात्र त्याच्या नावावर लागत नाही, याची मला कल्पना आहे.

हे सगळं करायची सर्वांत योग्य वेळ, कुठलाच प्रस्ताव पुढे नसतो ती. एकदा प्रस्ताव आला की बाजू पडतात, कुणाचा तरी प्रकल्प अडतो, हेतूंवर शंका घेतल्या जातात. आज उद्यानाबद्दल वाद नसेल, तर आजच हा ठराव सर्व पक्षांना एकमताने करता येईल. आणि प्रस्ताव आधीच आला असेल, तर नियम ठरेपर्यंत तो स्थगित ठेवावा.

येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेवर उद्यान संरक्षणाचा हा विषय घ्यावा. मांडायला एक सदस्य आणि अनुमोदनाला दुसरा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मसुदा करायला वकील, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, नगररचनाकार आणि उद्यानात काम करणारे माळी यांची समिती नेमा. तिच्या बैठका खुल्या ठेवा. आम्ही नागरिक येऊ, बोलू आणि लागेल ते काम करू.

आपला नम्र,
उद्यानात रोज जाणारा एक नागरिक